चाल सुधारली, पण कामाचा क्रम लागेना: लहान मेंदूच्या स्ट्रोकनंतरचं पुनर्वसन

लहान मेंदूचा, म्हणजे डोक्याच्या मागच्या-खालच्या बाजूला असलेल्या मेंदूच्या भागाचा, स्ट्रोक झालेला माणूस धरून चालायला लागला, हातानं घास घ्यायला लागला की घरचे म्हणतात, निभावलं. तो चेहरे ओळखतो, तारीख-वार सांगतो, टीव्हीवरची बातमी त्याला कळते. मग महिना-दीड महिन्यात तक्रारींचा सूर बदलतो. ‘अण्णांना एक काम सांगितलं की मध्येच सोडून बसतात.’ ‘यांचं कशात लक्षच नाही.’ ‘पाहुण्यांसमोर काय वाट्टेल ते बोलतात, पूर्वी असे नव्हते.’ घरात कुणी याला आळस म्हणतं, कुणी हट्टीपणा, कुणी आजारपणाचा फायदा घेणं. आम्ही दोघी, एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी) आणि एक स्पीच थेरपिस्ट (बोलण्या-भाषेवर काम करणारी), सोलापुरात घरोघरी जाऊन पुनर्वसनाचं काम करतो. ही वाक्यं भवानी पेठेतही ऐकू येतात आणि विजापूर रोडवरच्या सोसायट्यांतही. ती ऐकली की आम्ही आधी एमआरआयची फाइल मागतो.

फाइलमध्ये जागा आणि बाजू शोधायची. लहान मेंदूला रक्त देणाऱ्या वाहिन्यांच्या तीन जोड्या आहेत. रिपोर्टात त्या एससीए, एआयसीए आणि पीआयसीए अशा लिहिलेल्या असतात. एससीए वरच्या भागाला रक्त देते. तिथे गुठळी अडकली तर हातापायांचा ताळमेळ आणि उच्चार जास्त बिघडतात. पीआयसीएचा भाग मागचा आणि खालचा. तिथल्या स्ट्रोकमध्ये सुरुवातीला चक्कर आणि उलट्यांचा जोर असतो, तो ओसरला की माणूस बरा दिसू लागतो. पण नियोजन, लक्ष आणि भाषा यांच्याशी जोडलेला बराचसा भाग याच मागच्या खंडात आहे. म्हणून ज्याची चाल लवकर सुधारली, त्याच्या विचारांकडे आम्ही जास्त बारकाईनं पाहतो. एआयसीएचा उल्लेख असेल तर आधी कान तपासून घ्यायला सांगतो, कारण आतल्या कानाचा रक्तपुरवठा बहुधा तिच्यावरच असतो आणि ऐकू न येणं हे ‘लक्ष नसणं’ म्हणून खपून जातं.

बाजूचं गणित घरच्यांना चक्रावून टाकतं. लहान मेंदूची उजवी बाजू शरीराच्या उजव्याच हातापायाला सांभाळते, पण तिचं नातं मोठ्या मेंदूच्या डाव्या अर्ध्याशी असतं. त्यामुळे उजव्या बाजूच्या स्ट्रोकमध्ये उजवा हात थरथरतो आणि शब्दही अडतात. डाव्या बाजूच्या स्ट्रोकमध्ये जागा, दिशा, आकार यांचा अंदाज चुकण्याकडे कल असतो. नियम इतका काटेकोर नाही, पण आधी काय तपासायचं ते यावरून ठरतं.

लहान मेंदू आकारमानानं संपूर्ण मेंदूच्या १० टक्क्यांच्या आसपास, पण मेंदूतल्या जवळजवळ ८० टक्के चेतापेशी त्यात असतात. मोठ्या मेंदूकडून निघालेला संदेश पॉन्स या मेंदूच्या देठातल्या भागातून लहान मेंदूत येतो आणि थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या केंद्रामार्गे परत वर जातो. या फेरीत हालचालीचा वेग, क्रम आणि माप नीट होतं. हीच फेरी विचारांसाठीही चालते, हे अमेरिकेतले संशोधक जेरेमी श्माहमन आणि जॅनेट शर्मन यांनी १९९८ मध्ये लहान मेंदूपुरताच आजार असलेल्या २० रुग्णांच्या अभ्यासातून मांडलं. त्यांना चार प्रकारची गडबड दिसली: कामाचं नियोजन आणि एकावरून दुसऱ्यावर लक्ष नेणं, जागेचं आणि आकाराचं भान, भाषा, आणि भावना व वागणूक. भावनांच्या बाबतीत लहान मेंदूच्या मधल्या पट्टीचा, म्हणजे वर्मिसचा संबंध जास्त दिसला. स्मरणशक्ती पुसली जात नाही. तिच्यापर्यंत पोचण्याची वाट विस्कळीत होते. म्हणूनच बदाम आणि शंखपुष्पीवर पैसे घालवू नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

स्मरण आणि विचार तपासण्याची नेहमीची ३० गुणांची चाचणी इथे फसवते. तिच्यात तारीख, गाव, तीन शब्द, वजाबाकी असे प्रश्न असतात आणि हे रुग्ण बहुतेक गुण मिळवून जातात. २०१८ मध्ये श्माहमन यांच्याच गटानं लहान मेंदूसाठी वेगळी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात १० भाग आणि १२० गुण आहेत: एका मिनिटात प्राण्यांची नावं, एका अक्षरानं सुरू होणारे शब्द, दोन गटांतली नावं आलटून पालटून, आकडे सरळ आणि उलटे, घनाकृती काढणं, पाच शब्द काही वेळानं आठवणं, दोन गोष्टींतलं साम्य, ठरावीक इशाऱ्यालाच बोट उचलणं आणि शेवटी वागण्याबद्दलचे प्रश्न. एका भागात नापास झाल्यास लहान मेंदूमुळे विचारांवर परिणाम झाल्याची शक्यता, दोन भागांत दाट शक्यता, तीन किंवा जास्त भागांत निश्चित, असा तिचा निकष आहे. पण वय आणि शिक्षण यांचा गुणांवर परिणाम होतो. चौथीपर्यंत शिकलेल्या विडी कामगार बाईंना तोच निकष जसाच्या तसा लावला तर निरोगी असूनही त्या नापास होतील. म्हणून आम्ही गुणांपेक्षा चूक कशी झाली ते लिहून ठेवतो आणि स्ट्रोकच्या आधी त्या हे काम कसं करत होत्या ते घरच्यांना विचारतो.

सोलापुरात भाषेचा मुद्दा वेगळाच आहे. घरी तेलुगू, शाळेत मराठी, कारखान्यात दोन्हींची सरमिसळ, दुकानात कन्नड, असं एकाच माणसाचं बोलणं असतं. शब्दांची चाचणी कोणत्या भाषेत घ्यायची हे ठरवायला आम्ही एकच विचारतो: मनातल्या मनात पैसे कोणत्या भाषेत मोजता? जी भाषा सांगतील तिच्यात चाचणी. प्राण्यांची नावं दोन भाषांत आली तर दोन्ही लिहायची, मात्र एक प्राणी एकदाच धरायचा. आकडे सांगताना सत्तावीस, अडुसष्ट असे जोड आकडे वापरायचे नाहीत. दोन, सात, सहा असे सुटे, सेकंदाला एक या गतीनं. अक्षरावरून शब्द सांगण्याचा भाग शाळा न पाहिलेल्या माणसाला देतच नाही, कारण शब्द अक्षरानं सुरू होतो ही कल्पनाच लिहिण्या-वाचण्यातून येते.

चाचणीत चुकीचा निष्कर्ष निघण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा म्हणजे गोळ्या. चक्कर थांबवण्यासाठी सुरुवातीला दिलेली सिनारिझीन, प्रोक्लोरपेराझीन यांसारखी गोळी कुणी बंद करायला सांगितली नाही म्हणून महिनोन्‌महिने चालू राहते. तिनं सुस्ती येते, शिवाय तोल परत मिळवण्याची मेंदूची तयारीही मंदावते. ती चालू असेल तर डॉक्टरांना भेटून विचारा. स्वतःहून काहीच बंद करू नका, आणि रक्त पातळ ठेवणारी व बीपीची गोळी तर मुळीच नाही. दुसरी जागा डोळे. बुबुळं थरथरत असतील किंवा एकाचे दोन दिसत असतील तर वाचताना ओळ सुटते आणि ते ‘समजत नाही’ असं वाटतं. पोस्टकार्डाला एका ओळीइतकी खिडकी कापून ती ओळीवर सरकवत वाचायला द्या. वाचन सुधारलं तर दोष दिसण्यात होता. तिसरी जागा उच्चार. जीभ जड असेल तर मिनिटात कमी शब्द येणारच. तेव्हा शब्द सापडत नाही म्हणून थांबतात की सापडलेला उच्चारायला वेळ लागतो, ते कान देऊन ऐकावं लागतं. चौथी जागा हात. घनाकृतीच्या रेषा वेड्यावाकड्या, पण सगळ्या कडा जागेवर असतील तर ती हाताची थरथर आहे. रेषा सरळ, पण कडा गायब किंवा भलतीकडे जोडलेल्या असतील तर जागेचं भान चुकलं आहे. थकलेल्या माणसाची चाचणी घेऊ नये. आम्ही सकाळी नाश्त्यानंतर घेतो, आणि एप्रिल-मे मध्ये उन्हं चढायच्या आत आटोपतो. पाणी येण्याचा दिवस मुद्दाम टाळतो, कारण सोलापुरात त्या दिवशी घरात कुणाचंच लक्ष ठिकाणावर नसतं.

कागदी चाचणीपेक्षा जास्त सांगतं ते स्वयंपाकघर. ‘चौघांचा चहा करा’ एवढंच म्हणायचं, मदत करायची नाही, शेगडीजवळ मात्र उभं राहायचं. काय दिसतं? आधी गॅस पेटतो, मग पातेलं शोधलं जातं. पाणी किती हे न ठरवता ओततात. साखर दोनदा पडते किंवा पडतच नाही. मध्येच फोन वाजला की चहा तिथेच राहतो. दूध उतू जातं आणि ते पाहूनही हात लगेच पुढे येत नाही. चहा कसा करतात ते तोंडी विचारा, सगळं बरोबर सांगतील. माहिती शाबूत आहे, पण योग्य वेळी योग्य पायरी आपोआप पुढे येत नाही. हे एकदा घरच्यांनी आमच्या शेजारी उभं राहून शांतपणे पाहिलं की ‘मुद्दाम करतात’ हे वाक्य बरंच कमी होतं. आमच्या मते पुनर्वसनाची खरी सुरुवात तिथे होते.

आता उपायांकडे. सगळ्यात आधी बसवायचं. आजारापूर्वी चालणं, उभं राहणं हे लक्ष न देता होत होतं; आता तोल सांभाळायलाच लक्ष खर्च होतं आणि विचाराला उरत नाही. बायको पाठीमागून ‘अहो, लाईट बिल भरलं का?’ विचारते आणि ते जागीच थांबतात, नाहीतर पाऊल वाकडं पडतं. म्हणून पहिल्या टप्प्यात विचाराचं प्रत्येक काम पाठ टेकलेल्या खुर्चीत, पाय जमिनीवर पूर्ण टेकवून. चालताना घरच्यांनी बोलायचं नाही. बसून जमलं की भिंतीला हात लावून उभ्यानं; मग घरातल्या घरात चालताना साधं बोलणं; मग चालताना वार उलटे म्हणणं किंवा २० पासून उलटं मोजणं. पुढच्या पायरीवर जायची कसोटी अशी: पाच मिनिटांत पाऊल चुकलं नाही आणि बोलणंही थांबलं नाही. दोन्हींतलं एक जरी बिघडलं तर मागच्या पायरीवर. ही शिडी घाईनं चढवली की माणूस पडतो, आणि एकदा पडला की भीतीनं दोन महिन्यांची कमाई जाते.

सत्र २० ते २५ मिनिटांचं, दिवसातून दोनदा, मध्ये खरी विश्रांती. खरी म्हणजे डोळे मिटून आडवं होणं. मोबाइल पाहणं विश्रांतीत धरू नका. थकवा या आजाराचाच भाग आहे. चुका वाढल्या, आवाज सपाट झाला, चिडचिड सुरू झाली की वेळ उरलेली असली तरी थांबायचं.

नियोजनासाठी आम्ही एक कार्ड देतो. जाड कागदावर मोठ्या अक्षरांत पाच ओळी: थांबा. काय करायचं आहे? पायऱ्या कोणत्या? एकच पायरी करा. झालं का, बघा. चहासाठी पायऱ्या त्यांनीच सांगायच्या, आपण लिहायच्या, आणि पहिली पायरी नेहमी ‘सगळं सामान ओट्यावर काढा’ ही ठेवायची. आधी घरचं माणूस ओळ म्हणतं आणि ते करतात. मग ते स्वतः मोठ्यानं म्हणत करतात. मग पुटपुटत, मग मनात. मोठ्यानं म्हणायची लाज वाटते म्हणून घरचे हा टप्पा गाळतात, आणि तिथेच सगळं बिनसतं. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येणं हाच त्या टप्प्याचा आधार आहे. कार्ड खिशात राहायला हवं. भिंतीवर चिकटवलेलं कार्ड आठवड्यात दिसेनासं होतं.

दुसरं, चूक होऊ देऊन मग सुधारणं टाळा. आपल्या चुकीवरून पुढची हालचाल आपोआप दुरुस्त करणं हे लहान मेंदूचंच काम आहे. ते दुखावलेलं असताना ‘चुकू दे, शिकतील’ हा मार्ग हालचालींच्या शिकण्यात कमी चालतो, आणि विचारांच्या कामातही आम्हाला तसंच दिसतं. पायरी आधी सांगा, बरोबर करून घ्या, जमलं की लगेच तसं सांगा, आणि मदत हळूहळू कमी करा. पाच वेळा लागोपाठ बरोबर आलं की एक सूचना गाळायची.

घाईचा वेगळा विचार लागतो. दुकानात गर्दी, मागे रांग, दुकानदार पटापट बोलतोय, अशा वेळी जमलेलंही विस्कटतं. म्हणून घरातून निघण्यापूर्वी विचारायचं, आज कुठे घाई होईल? मग त्यावर तोड काढायची: यादी लिहून न्यायची, पैसे आधी मोजून पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायचे, लक्ष्मी मार्केटमध्ये संध्याकाळऐवजी सकाळी जायचं, आणि ‘जरा थांबा, एक एक सांगा’ हे वाक्य म्हणायचा सराव घरीच करायचा. सुरुवातीला यादीत तीनच वस्तू. यादी वस्तूंच्या क्रमानं नको, दुकानांच्या क्रमानं हवी.

भाषेत दोन गोष्टी जाणवतात. वाक्यं तुटक होतात आणि आवाजातला चढउतार जातो. घरचे म्हणतात, रागावल्यासारखं बोलतात. राग नसतो, सूर सपाट झालेला असतो. सरावासाठी एकच छोटं वाक्य घ्यायचं, ‘पाऊस आला’. ते सांगताना, विचारताना, आनंदानं आणि वैतागून म्हणायचं. मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यांनीच ऐकायचं आणि कोणतं कोणतं ते ओळखायचं. शब्दांसाठी नुसती ‘प्राणी सांगा’ ही घोकंपट्टी कामाची नाही. गट पाडायला शिकवा: गोठ्यातले, घरातले, रानातले, पाण्यातले. एक गट संपला की मुद्दाम दुसऱ्यावर उडी. ते जमलं की दोन गट आलटून पालटून, एक भाजी, एक भांडं. वर्तमानपत्रातली एकच बातमी वाचून तीन वाक्यांत सांगणं हा आमचा आवडता व्यायाम आहे: कोण, काय झालं, पुढे काय. सलग गोष्ट सांगताना क्रम कुठे सुटतो ते त्यात लगेच कळतं.

दिशेसाठी नकाशावर बोट फिरवण्यापेक्षा रस्ता बरा. आधी घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, सोबत कुणीतरी एक पाऊल मागे. वळणावर खूण ठरवायची, आणि ती न हलणारी असावी: देऊळ, शाळा, बँक. उभ्या असलेल्या हातगाडीची खूण उद्या नसते. मधला मारुतीसारखा गजबजलेला चौक खूप नंतर. सात रस्ता या चौकात तर कितीतरी फाटे एकाच वेळी नजरेत येतात. तिथे आम्ही ‘आपल्याला हवा तो एक रस्ता शोधा, बाकीचे मोजू नका’ असं सांगतो आणि आधी फुटपाथवर उभं राहून फक्त ओळखण्याचा सराव करतो, ओलांडण्याचा नाही.

वागण्यातला बदल सगळ्यात जास्त दुखावतो. कुणी अगदी निर्विकार होतं, नातवंडं आली तरी चेहरा हलत नाही. कुणी नको तिथे हसतं, नको ते बोलतं. चारचौघांत समजावू नका. विषय बदला, हळूच बाजूला न्या, शांत झाल्यावर एका वाक्यात काय खटकलं ते सांगा. व्याख्यान नको. उदासपणा वेगळा ओळखावा लागतो: झोप उडाली, जेवण सुटलं, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली तर डॉक्टरांना लगेच सांगा, त्यावर औषधं आहेत. पैशांचं मात्र पहिल्या दिवसापासून बघा. अविचारानं खर्च होऊ शकतो, म्हणून मोबाइलवरच्या पेमेंटची रोजची मर्यादा कमी करून ठेवा आणि मोठी रक्कम दुसऱ्याच्या संमतीशिवाय हलणार नाही अशी सोय करा. हे त्यांच्याशी बोलून करा, पाठीमागे नको. आपलं काही बिघडलं आहे हे अनेकांना स्वतःला जाणवत नाही, आणि गुपचूप केलेल्या बंदोबस्तानं विश्वास तुटतो.

मोबाइलवरच्या बुद्धीच्या खेळांबद्दल सगळे विचारतात. त्या खेळांत माणूस त्या खेळापुरता हुशार होतो. आवडत असेल तर खेळू दे, पण सत्राची वेळ त्याला देऊ नका. डोक्याला बाहेरून विद्युत उत्तेजना देण्याचे प्रयोग अजून संशोधनाच्या पातळीवर आहेत. त्यासाठी कर्ज काढून मोठ्या शहरात जाण्याची गरज नाही.

प्रगती मोजताना तीच तीच चाचणी दर आठवड्याला घेऊ नका, उत्तरं पाठ होतात. २०१८ च्या चाचणीच्या चार समांतर आवृत्त्या आहेत त्या याचसाठी. आम्ही तीन महिन्यांनी पुन्हा घेतो. मधल्या काळात वहीत रोज तीनच नोंदी: कोणतं काम, किती सूचना लागल्या, किती वेळात थकवा आला. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगानं दिसते, मग मंद होते, पण थांबत नाही. वर्षानंतरही नवीन कामं जमू लागलेली आम्ही पाहतो.

कामावर परतणं हा शेवटचा आणि सगळ्यात नाजूक टप्पा. चादरीच्या किंवा टॉवेलच्या कारखान्यात माग चालवणाऱ्यानं हलत्या मशीनजवळ परत जाऊ नये, जोवर तोल आणि प्रतिसादाची गती दोन्ही डॉक्टरांनी तपासलेली नाही. दुचाकीलाही हेच लागू. शिवाय मागांच्या खडखडाटात दोन माणसांचं बोलणं वेगळं काढणं हे निरोगी माणसालाही जड जातं. हिशेब लिहिणाऱ्याची तयारी घरीच करता येते. आठवड्याच्या पगाराची जुनी वही घ्यायची, नावं झाकायची. पट्टी एका ओळीखाली धरायची. हजेरी, नगांवरची मजुरी, उचल वजा, हाती रक्कम. प्रत्येक टप्प्याचा आकडा कागदावर लिहायचा, डोक्यात धरायचा नाही. मग कॅल्क्युलेटरवर खालून वर उलटी पडताळणी. सुरुवातीला पाच नावं, चूक न होता तीन दिवस गेले की दहा. कारखान्यात पहिला महिना अर्धा दिवस, सकाळचाच, शेडपासून दूर, दार लावता येईल अशा खोलीत. रोकड हाताळायची नाही. मालकांनी तोंडी सांगितलेलं काम चिठ्ठीवर लिहून घ्यायचं आणि वाचून दाखवायचं. पगाराच्या पत्रकावर दुसऱ्याची सही झाल्याशिवाय पैसे वाटायचे नाहीत, आणि ही अट पहिल्याच दिवशी मालकांसमोर बोलून ठेवायची, म्हणजे पुढे ती संशयासारखी वाटत नाही.

आणि या सगळ्या काळात कधीही अचानक भयंकर डोकेदुखी, उलट्या, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं किंवा गुंगी आली तर ते ‘जुनंच’ समजू नका. वेळ पाहून लिहा आणि सरळ एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयात जा. कवटीच्या मागच्या भागातला ताजा स्ट्रोक साध्या सीटी स्कॅनमध्ये सुटू शकतो, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं.